रसायनशास्त्राच्या तासाला इतिहास कसा आणावा

बडोद्यात सायन्स शिकवायला नव्याने उभी राहणारी मराठी मंडळी बरीच आहेत. कोणी शाळेत लागलेलं असतं, कोणी दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे घरीच नववी-दहावीचे क्लास घेत असतं, कोणी बी.एड.च्या पाठांच्या गडबडीत असतं. यांतल्या बहुतेकांना कोणी ना कोणी सांगतंच, "धड्याला जरा इतिहासाची जोड द्या, मुलांना गोडी लागते." मग तासाच्या सुरुवातीला लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा गिलोटिनवर झालेला शेवट, आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हची दाढी, केकुलेला स्वप्नात दिसलेला साप, आणि पाचव्या मिनिटाला फळ्यावर व्याख्या. मुलं गोष्ट ऐकतात, व्याख्या उतरवून घेतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

इतिहासाचा खरा उपयोग मुलांच्या आधी तुम्हाला आहे. एखादी कल्पना माणसांना का लागली, ती सुचण्यापूर्वी चांगली हुशार माणसं कुठे अडकून पडली होती आणि कशाने सुटली, हे ठाऊक असलं की आपली मुलं कुठे अडकणार याचा अंदाज तासाला जायच्या आधीच येतो. ते कसं करायचं ते खाली सांगते. नववी-दहावीचा अभ्यासक्रम आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास धरून चालले आहे.

पायरी १ : शिकवण्याआधी विचारा

ज्वलनाचा धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी एकच प्रश्न द्या. बारीक लोखंडी तारांचा गोळा, म्हणजे स्टील वूल, जाळला तर त्याचं वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? उत्तर आणि कारण चिठ्ठीवर लिहून घ्या. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'कमी होईल' असं येतं. कारणंही ठरलेली असतात: जळताना काहीतरी निघून जातं, राख हलकी असते. एखादी धीट मुलगी उभी राहून विचारतेच, "बेन, राख तर फुंकरीने उडते, मग वजन वाढेल कुठून?"

लगेच दुरुस्त करू नका. चिठ्ठ्या जपून ठेवा. मुलं जे म्हणताहेत, जवळजवळ तेच अठराव्या शतकातलं युरोपातलं मान्य शास्त्र होतं. जळणाऱ्या वस्तूत 'फ्लॉजिस्टन' असतं आणि जळताना ते बाहेर पडतं, हे मत जर्मनीतल्या जॉर्ज अर्न्स्ट श्टालने नीट मांडलं आणि ते कित्येक दशकं टिकलं.

इथे एक सावधगिरी हवी. आपली मुलं म्हणजे छोटे श्टाल नव्हेत. श्टालला धातू, भट्ट्या, खनिजं यांची दांडगी माहिती होती. मुलांनी चुलीतली राख आणि जळलेला कागद पाहिलेला असतो. मत सारखं दिसलं तरी त्यामागची कारणं निराळी असतात. म्हणून इतिहास वाचून 'मुलं हेच म्हणणार' असं गृहीत धरायचं नाही, विचारायचं. इतिहास फक्त कुठे विचारायचं ते दाखवतो.

पायरी २ : व्याख्या कोणत्या अडचणीतून आली ते लिहून काढा

धडा हातात घ्या आणि त्यातल्या प्रत्येक ठळक शब्दापुढे एकच ओळ लिहा: 'हे नसतं तर कोणाचं काय अडलं असतं?' जिथे ओळ सुचत नाही, तिथे आपल्यालाच ती गोष्ट नीट कळलेली नाही असं समजा आणि वाचायला बसा.

आम्लाचं उदाहरण घ्या. लाव्हाझिएला वाटलं, सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतोच. मग मिठाच्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, तो सापडेना. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, त्यात ऑक्सिजन लपलेला नाही. लिबिगने 1838 मध्ये धातूने बाजूला सारता येणाऱ्या हायड्रोजनवर बोट ठेवलं, 1880 च्या दशकात अरेनियसने आयन आणले, आणि 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी प्रोटॉन देण्या-घेण्याची भाषा आणली. यांतल्या बऱ्याच व्याख्या आधीच्या व्याख्येत न बसणाऱ्या गोष्टींमुळे आल्या आहेत. अमोनियाच्या रेणूत ओएच नाही, तरी तो अल्कधर्मी कसा, हा प्रश्न वर्गात आला तर तो विषयांतर म्हणून टाळू नका. ब्रॉन्स्टेडच्या व्याख्येला तिथूनच वाट मिळते.

पायरी ३ : हरलेल्या पक्षाचं वकीलपत्र घ्या

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. फ्लॉजिस्टनचं नाव काढलं की वर्गात हसू उसळतं, आणि शिक्षकही हसतात. हसू नका. आधी एक अख्खा तास फ्लॉजिस्टनच्या बाजूने लढा.

फळ्यावर दोन नियम लिहा: जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन असतं, जळताना ते हवेत जातं. आता मुलांनाच विचारा. बरणीखाली झाकलेली मेणबत्ती का विझते? कारण कोंडलेली हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते, आणखी मावत नाही. कोळसा जवळजवळ पूर्ण जळतो, राख एवढीशीच का राहते? कारण तो बहुतेक फ्लॉजिस्टनच होता. धातूचं भस्म (आजच्या भाषेत ऑक्साइड) कोळशाबरोबर तापवलं की पुन्हा धातू का मिळतो? कारण कोळसा आपलं फ्लॉजिस्टन भस्माला देतो. हे तिसरं उत्तर ऐकून मुलं चमकतात, कारण ते खरंच सुबक आहे. आज आपण म्हणतो की भस्मातून ऑक्सिजन निघून कार्बनकडे गेला. चित्र तेच, बाण उलटा. पुढे इलेक्ट्रॉनच्या भाषेत क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळणं हे शिकवाल, तेव्हा श्टालची ही देवघेव फार परकी वाटणार नाही.

मग तराजू आणा. धातू भस्म होताना जड होतो, हे ज्याँ रे या फ्रेंच वैद्याने 1630 मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे अडचण माहीत होती, पण नुसत्या अडचणीने मत पडत नाही. फ्लॉजिस्टनवाल्यांपैकी काहींनी तर त्याला उणं वजन असतं असंही सुचवलं. 'पुरावा आला आणि सगळे लगेच पटले' असं शास्त्रात क्वचित घडतं, हे मुलांना इथे दिसू द्या.

स्टील वूलचा प्रयोग असा करा. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशसाठी मिळणारं सगळ्यात बारीक स्टील वूल घ्या. भांड्यांची तारेची घासणी चालत नाही, ती स्टेनलेसची असते आणि नीट पेटत नाही. छोटी पत्र्याची ताटली आणि मोकळा केलेला गोळा मिळून डिजिटल काट्यावर वजन करा. शंभरांश ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा उत्तम. गोळा ताटलीतच ठेवून पेटवा, म्हणजे पडणारा कणसुद्धा वजनात राहील. ताटली विटेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, चष्मा घाला, पंखा बंद करा. निखारे गोळ्यातून सरकत जातात, ज्वाला फारशी दिसत नाही. पूर्ण गार झाल्यावरच परत वजन करा. गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते आणि काटा फसवतो. सगळं लोखंड जळून काळा ऑक्साइड झाला तर 168 ग्रॅमचे 232 ग्रॅम व्हायला हवेत, म्हणजे सुमारे 38 टक्के वाढ. वर्गात तेवढी कधीच येत नाही, कारण आतलं लोखंड बरंच न जळता राहतं. पण काटा वर जातो, आणि कालच्या चिठ्ठ्या बाहेर काढायची हीच वेळ.

मॅग्नेशियमची फीत जाळून हेच दाखवता येतं, पण पांढरा धूर उडून गेला की वजन चुकतं. झाकणाची मुशी (क्रुसिबल) नसेल तर त्या भानगडीत पडू नका. आणि मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून पाणी चढलेलं दाखवायचं, चढलेलं पाणी म्हणजे वापरला गेलेला ऑक्सिजन असं सांगायचं, हा प्रकार तर बंदच करा. पाणी चढतं ते मुख्यतः गरम हवा गार होऊन आकसल्यामुळे. मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

आता लाव्हाझिएचा पाऱ्याचा प्रयोग तोंडी सांगा. (तोंडीच. पारा तापवणं शाळेत कुठेही, कधीही नको.) त्याने चार औंस पारा सुमारे 50 घन इंच हवेबरोबर बंद भांड्यात बारा दिवस तापवला. हवा 42-43 घन इंचांवर आली आणि पाऱ्यावर लाल कण जमले. ते कण वेगळे काढून जास्त तापवले, तेव्हा 7-8 घन इंच वायू परत मिळाला आणि पाराही सुटा झाला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला की पुन्हा साधी हवा तयार. गेलं तेवढंच परत आलं. हिशोब जुळतो की नाही ते मुलांना वजाबाकी करून पाहू द्या.

तासाच्या शेवटी वादाला एक विषय ठेवा: ऑक्सिजन कोणी शोधला? स्वीडनच्या शीलेने तो आधी मिळवला, पण छापलं उशिरा, 1777 मध्ये. प्रीस्टलीने 1 ऑगस्ट 1774 ला भिंगाने ऊन एकवटून लाल पारदभस्मातून तो काढला, पण त्याला 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' म्हटलं आणि 1804 मध्ये मरेपर्यंत त्या मतावर राहिला. लाव्हाझिएने प्रीस्टलीकडून ऐकलं, आणि तो काय आहे हे सांगितलं. वर्गाचे तीन गट करा. निकाल तुम्ही देऊ नका.

पायरी ४ : जिथे पन्नास वर्षं अडली, तिथे दोन तास द्या

इतिहासातला विलंब शिकवण्याच्या वेळापत्रकात दिसला पाहिजे. पाण्याचं सूत्र हे त्याचं ठळक उदाहरण आहे.

मुलांना सांगा, 1 ग्रॅम हायड्रोजनला 8 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. मग ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या किती पट जड? सगळे '16' म्हणतील, कारण पाठ आहे. "पण मी तर 8 सांगितलं, मग 16 कुठून आलं?" "पाणी एच-टू-ओ आहे म्हणून." "एच-टू-ओ आहे हे कशावरून?" "ऑक्सिजनचं वजन 16 आहे म्हणून." इथे थांबा. वर्ग गोल फिरून त्याच जागी आला आहे, आणि अर्ध्या मुलांना ते कळलेलंही आहे.

डाल्टन याच चक्रात होता. दोन मूलद्रव्यांचा एकच संयुग माहीत असेल तर तो एकास एक धरायचा, असा साधा नियम त्याने घेतला. म्हणून त्याच्या लेखी पाणी एच-ओ होतं. त्याला अडाणी समजू नका. 1808 मध्ये दुसरं काही धरायला त्याच्याकडे आधार नव्हता.

आता गे-ल्युसॅकचं निरीक्षण आणा, तेही 1808 चंच. 2 आकारमान हायड्रोजन आणि 1 आकारमान ऑक्सिजन मिळून 2 आकारमान वाफ होते. दोन रंगांची बटणं वाटा. अट एकच: सारख्या आकारमानात सारखे कण. मुलं हायड्रोजनची दोन बटणं आणि ऑक्सिजनचं एक मांडतात आणि वाफेचे दोन कण बनवायला बसतात. ऑक्सिजनचं बटण एकच! कोणी ते अर्धं कापायला निघतं, कोणी म्हणतं अट चुकीची, कोणी गपचूप शेजाऱ्याचं उचलतं. डाल्टनने अट नाकारली. ॲव्होगॅड्रोने 1811 मध्ये दुसरा मार्ग काढला: वायूतला ऑक्सिजनचा कण मुळातच दोन अणूंचा आहे, तो दुभंगतो. एकाऐवजी चिकटलेली दोन बटणं द्या, आणि हिशोब बसतो.

मग ते लगेच का मान्य झालं नाही? स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या वेळी समज असा होता की अणू विरुद्ध विद्युतभारांमुळे एकत्र येतात. मग दोन सारखे ऑक्सिजन एकमेकांना चिकटतील कसे? हा प्रश्न आजही हुशार मूल विचारतं, आणि सहसंयुज बंध शिकेपर्यंत त्याला पुरं उत्तर देता येत नाही. 'पुढच्या वर्षी सांगते' एवढं प्रामाणिक उत्तर पुरेसं आहे.

मधल्या काळात गोंधळ असा वाढला की 1861 मध्ये केकुलेने ॲसेटिक ॲसिडची वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली 19 सूत्रं छापून दाखवली. 1860 च्या सप्टेंबरमध्ये कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोचा विचार हाती घेऊन अणुभारांक कसे ठरवायचे ते मांडलं, त्याची पुस्तिका वाटली गेली, आणि चक्र सुटायला लागलं. ऐकणाऱ्यांत तरुण मेंडेलीव्ह होता. विश्वसनीय अणुभारांक हाती आल्यावर नऊ वर्षांत आवर्तसारणी आली. पुस्तकात हे दोन निरनिराळे धडे असले तरी एकापुढे एक शिकवता येतात.

बडोद्यात इथे आणखी एक घोळ होतो. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. गुजरातीत परमाणू म्हणजे ॲटम आणि अणू म्हणजे मॉलिक्यूल. घरी मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी असलेलं मूल 'अणू' म्हणालं तर त्याला चित्र काढून दाखवायला सांगा. नाहीतर नेमक्या ॲव्होगॅड्रोच्या तासाला सगळं मुसळ केरात.

पायरी ५ : कल्पना ज्या क्रमाने आल्या, तो क्रम एकदा वापरून पाहा

मोलचा, म्हणजे कण मोजण्याच्या एककाचा, धडा पुस्तकं 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात या आकड्याने उघडतात आणि मुलांची बोबडी वळते. इतिहासात हा आकडा सगळ्यात शेवटी आला. ॲव्होगॅड्रो 1856 मध्ये वारला, त्याला तो ठाऊक नव्हता. कॅनिझारोने अणुभारांक या आकड्याशिवायच लावले. रेणूच्या आकाराचा पहिला बरा अंदाज लोश्मिटने 1865 मध्ये केला, आणि 'ॲव्होगॅड्रोची संख्या' हे नाव ज्याँ पेराँने 1909 मध्ये दिलं. म्हणून आधी वजनांचं गुणोत्तर, मग 'इतके ग्रॅम म्हणजे इतकेच कण' ही समज, आणि आकडा त्यानंतर.

आवर्तसारणीला पत्ते चांगले. 1869 ला माहीत असलेल्या मूलद्रव्यांपैकी पंचवीस-तीस निवडा, पत्त्यावर अणुभारांक आणि दोन-तीन गुणधर्म लिहा, गॅलियम आणि जर्मेनियम वगळा. मुलांनी लावलेल्या मांडणीत भोक पडलं की मगच मेंडेलीव्हचं नाव घ्या. 1875 मध्ये गॅलियम सापडलं, त्याची घनता 4.7 निघाली, मेंडेलीव्हने कळवलं की 5.9 असायला हवी, पुन्हा मोजा. नमुना शुद्ध करून मोजल्यावर 5.9 च आली. बरोबरीने हेही सांगा की त्याने हायड्रोजनपेक्षा हलक्या मूलद्रव्यांचंही भाकीत केलं होतं, ती कधी सापडली नाहीत.

पायरी ६ : आपल्या भागातला इतिहास जपून वापरा

इथे दोन मोह असतात. पहिला, 'हे सगळं कणादांनी आधीच सांगितलं होतं.' वैशेषिकांचा परमाणू हा पदार्थाचे भाग किती करता येतील या तत्त्वचर्चेतला आहे. डाल्टनचा अणू तराजूवरच्या गुणोत्तरांतून आला. दोघांचे प्रश्न वेगळे, तसे वेगळे शिकवा. त्यात कणादांचं काही कमी होत नाही. दुसरा मोह म्हणजे सगळं युरोपातच घडलं असं सांगून मोकळं होणं.

धातू मिळवण्याच्या धड्याला उदेपूरजवळच्या जावरचं जस्त घ्या. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं, आणि त्याच्या ऑक्साइडचं कोळशाने क्षपण करायला याहून जास्त तापमान लागतं. म्हणजे धातू तयार होतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की पुन्हा भस्म. तांब्या-लोखंडाची भट्टी इथे कामाची नाही. जावरच्या लोकांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी भरून भट्टीत उलट्या लावल्या, एका भट्टीत 36. वाफ नळीतून खाली गार भांड्यात उतरून जमायची. निदान चौदाव्या शतकापासून हे मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. जावरच्या उत्खननात 1980 च्या दशकात ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंकबरोबर आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ होते. मुलांना फक्त उत्कलनबिंदू सांगा आणि विचारा: भट्टी कशी बांधाल? मुशीचं चित्र नंतर.

बडोद्याची तंत्रशिक्षणाची शाळा, कलाभवन, हीही आहेच. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर तिथे रंगाईचं रसायन शिकवत, देशी भाषेतून. तीच इमारत आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेची आहे. मुंबईत चाफेकर बंधूंनी विक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, ते काढून देणारे गज्जर हेच. 1907 मध्ये अलेंबिक ही औषधकंपनी उभी करणाऱ्यांतही ते होते. कोणाचे बाबा कोयलीला रिफायनरीत, कोणाचे काका नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत कामाला असतात. 'रसायन' हा शब्द या मुलांना पगाराच्या अंगाने ओळखीचा असतो. त्या ओळखीचा उपयोग करा, पण कारखान्याचं कौतुक हा रसायनशास्त्राचा इतिहास नव्हे.

पायरी ७ : परीक्षा

हे सगळं सगळ्या धड्यांना करू गेलात तर मार्चमध्ये रडायची वेळ येईल. पहिल्या वर्षी ज्वलन आणि पाण्याचं सूत्र एवढेच दोन विषय घ्या. बाकीचे धडे नेहमीसारखे शिकवा.

बोर्डाच्या पेपरात उत्तर पुस्तकातल्या व्याख्येनेच लिहायचं, हे मुलांना स्पष्ट सांगा. वहीच्या डाव्या पानावर चालू व्याख्या, उजव्या पानावर ती कोणत्या अडचणीतून आली, अशी सवय लावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी डावी पानं वाचायची. चाचणीत मात्र एखादा प्रश्न उजव्या पानावरचा विचारा, उदाहरणार्थ: 'फ्लॉजिस्टन मानणारा माणूस स्टील वूलच्या प्रयोगावर काय म्हणेल, आणि तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?' गुण दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांना द्या. पालक विचारायला येतीलच, की चुकीचं शास्त्र कशाला शिकवता. त्यांना पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या आणि चाचणीची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.